हवेची बखर लिहिणारी शास्त्रज्ञ : अ‍ॅना मणी

नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. नदीच्या जुन्या गाळातून अश्मयुगातील दगडी हत्यारे मिळाली. टेकडीच्या पोटातून ताम्रपाषाण युगातील घरांच्या जमिनी, रंगवलेली मडकी, रांजणात पुरलेली बालके, त्याच्यावर सातवाहनकाळातील वस्ती आणि त्याहीवर अलीकडच्या काळातील थर, असा हजारो वर्षांचा इतिहास उलगडत गेला. ज्या गावात शके १२१२ मध्ये पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले, त्या गावाच्या भूमीने ज्ञानेश्वरांच्याही पूर्वीच्या कितीतरी पिढ्या आपल्या पोटात सांभाळून ठेवल्या होत्या.

मातीचा हा गुण हवेत नाही. हवा काहीच साठवून ठेवत नाही. काल नेवाशावरून वाहून गेलेला वारा किती स्वच्छ होता, त्यात किती धूळ, किती धूर, फवारणीच्या औषधाचा किती अंश होता, हे आज कोणतीही टेकडी खणून कळणार नाही. ज्या दिवशी मोजले नाही तो दिवस कायमचा हरवला. म्हणूनच हवेचा इतिहास ज्याला हवा असेल त्याला तो रोजच्या रोज, त्याच पद्धतीने आणि विश्वासार्ह उपकरणाने लिहून ठेवावा लागतो. दहावीस वर्षांनी त्या नोंदी एकापुढे एक मांडल्या, म्हणजे हवा कोणत्या दिशेने बदलत आहे ते दिसू लागते.

नेवाशाला सांकलियांचे उत्खनन चालू होते, त्याच वर्षांत पुण्याच्या शिवाजीनगर भागात एक मल्याळी शास्त्रज्ञ हवेचा हा इतिहास लिहिण्याची साधने घडवत होत्या. त्यांचे नाव अ‍ॅना मणी. पर्जन्यमापकापासून ओझोन मोजणाऱ्या फुग्यापर्यंतची उपकरणे भारतात तयार व्हावीत आणि त्यांचे आकडे जगात कोठेही ग्राह्य धरले जावेत, यासाठी त्यांनी आपली उमेदीची वर्षे पुण्यात वेचली. स्वतःची डॉक्टरेट त्यांना कधी मिळाली नाही. आज हवेतील टिकाऊ विषारी रसायनांवर दीर्घकाळ नजर ठेवण्याची गरज जगाने मान्य केली असताना, त्यांचे आयुष्य पुन्हा आठवावे असे आहे.

हिऱ्याच्या कुड्यांऐवजी ज्ञानकोश

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड या डोंगराळ गावी झाला. घराणे सीरियन ख्रिस्ती, सुखवस्तू. वडील स्थापत्य अभियंता आणि वेलदोड्याच्या मोठ्या मळ्यांचे मालक होते. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरातील मुलांना मोठ्या हुद्द्यांसाठी तयार केले जाई आणि मुलींना लग्नासाठी. या मुलीचा ओढा मात्र पुस्तकांकडे होता. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तिने गावच्या सार्वजनिक वाचनालयातील जवळजवळ सगळी मल्याळी पुस्तके वाचून काढली होती. आठव्या वाढदिवसाला घरच्या शिरस्त्याप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या पुढे आल्या, तेव्हा तिने त्या नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले.

त्याच सुमारास त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह गाजत होता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्य मानलेल्यांनाही चालता यावे, यासाठीचा तो लढा होता. १९२५ मध्ये महात्मा गांधी वायकोमला आले. या वातावरणाचा मुलीच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे त्यांनी खादी स्वीकारली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. आपल्याला लागणारी वस्तू आपणच बनवावी हा खादीमागचा विचार त्यांच्या प्रयोगशाळेतही कसा उतरला, ते पुढे दिसतेच.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्या भौतिकशास्त्राची ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नोबेलविजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

रामन यांची प्रयोगशाळा आणि न मिळालेली पदवी

या संस्थेत स्त्रियांना प्रवेश सहजी मिळत नव्हता, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. १९३३ मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या कमला सोहोनी, पहिल्या वर्गात पदवी मिळवून तेथे गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना नकार मिळाला होता. त्यांनी माघार घेतली नाही, म्हणून अखेर अटी घालून प्रवेश देण्यात आला. अ‍ॅना मणी पोहोचल्या तोवर दार थोडे उघडले होते, इतकेच. रामन यांच्या विद्यार्थिवर्गात मुली अगदी मोजक्या होत्या. मुलामुलींनी एकमेकांशी शास्त्रीय चर्चा करण्यावरही तेथे अलिखित बंधने होती. त्यामुळे सहकाऱ्यांशी बोलता बोलता जे शिकायला मिळते, ते या मुलींच्या वाट्याला फारसे येत नसे.

रामन यांना त्या काळी हिऱ्यांच्या संशोधनाने झपाटले होते. अ‍ॅना मणी यांच्याकडे हिरे आणि माणकांच्या वर्णपटाचा अभ्यास आला. बालपणी ज्या मुलीने हिऱ्याच्या कुड्या परत केल्या होत्या, तिच्यासमोर आता तीसहून अधिक हिरे आले, ते प्रकाशाखाली तपासण्यासाठी. हिऱ्यातून निघणारा प्रकाश अतिशय क्षीण असल्याने छायाचित्रणाच्या काचेवर त्याचा वर्णपट उमटायला पंधरा ते वीस तास लागत. त्या तासन् तास, प्रसंगी रात्रभर प्रयोगशाळेतच थांबत. एखादी काच बिघडली तर पुन्हा पहिल्यापासून. मोजमापाच्या कामाला लागणारा धीर येथेच त्यांच्या अंगी मुरला असावा.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध केवळ त्यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. संस्थेत केलेल्या संशोधनाला पदवी देण्याचा अधिकार तेव्हा त्या विद्यापीठाकडे होता. विद्यापीठाने मात्र त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही या कारणावरून डॉक्टरेट नाकारली. ऑनर्स पदवीच्या बळावरच त्यांना पदव्युत्तर संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, ही बाब विचारात घेतली गेली नाही. तो बांधलेला प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला. अ‍ॅना मणी यांनी या अन्यायाचे भांडवल कधी केले नाही. पदवी नसल्यामुळे आपले काही अडले नाही, असेच त्या उत्तरायुष्यात सांगत. त्यांचे अडले नसेल. पण त्यामुळे नियमावर बोट ठेवून केलेल्या त्या निर्णयाचे समर्थन होत नाही.

सिमला ऑफिसमधली कार्यशाळा

१९४५ मध्येच सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाण्याची संधी आली. युद्ध नुकतेच संपत होते. सैन्याची ने-आण करणाऱ्या जहाजातून त्या लंडनला पोहोचल्या. मनात भौतिकशास्त्रातील संशोधन होते, परंतु उपलब्ध शिष्यवृत्ती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणासाठी होती. त्यांनी ती स्वीकारली. तीन वर्षे तेथील कार्यशाळा आणि वेधशाळा पाहून, उपकरणे उघडून आणि जोडून त्या १९४८ मध्ये मायदेशी परतल्या आणि भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील उपकरण विभागात रुजू झाल्या.

पुणेकर ज्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात, ती हीच वेधशाळा. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हलले, म्हणून हे नाव पडले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण उपकरणांची कार्यशाळा पुण्यातच राहिली. स्वातंत्र्यापूर्वी तापमापक आणि वायुभारमापक यांसारखी साधी उपकरणेसुद्धा ब्रिटनहून मागवावी लागत. एखादे मोडले तर नवे येईपर्यंत नोंदी बंद. एस. पी. वेंकटेश्वरन हे या विभागाचे प्रमुख होते. उपकरणे देशातच बनवायची हा त्यांचा ध्यास होता आणि अ‍ॅना मणी यांच्या खादीच्या संस्काराशी तो तंतोतंत जुळला.

सुरुवात साध्या उपकरणांपासून झाली. पर्जन्यमापक, बाष्पीभवनमापक, तापमापक, वाऱ्याची दिशा आणि वेग दाखविणारी यंत्रे एकेक करून घेण्यात आली. प्रत्येकाचे नकाशे काढायचे, मापे ठरवायची, कारागिरांना अचूकतेची सवय लावायची आणि तयार झालेला प्रत्येक नग मूळ प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहायचा. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे अशा रीतीने प्रमाणित करण्यात आले. १९५३ मध्ये अ‍ॅना मणी विभागाच्या प्रमुख झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करीत होते. त्या काळच्या पुण्यात ही गोष्ट नवलाची होती. त्यांना स्वतःला मात्र त्यात नवल वाटत नसे. स्त्री असल्याचा उल्लेख कोणी कौतुकाने केला तरी त्यांना तो फारसा रुचत नसे.

या कामाचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने पटेल. पर्जन्यमापकाचे तोंड ठरल्यापेक्षा किंचित लहान-मोठे असेल, तो भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला बसवलेला असेल, तर मोजलेला पाऊस चुकतो. एका दिवसाची चूक मिलिमीटरची असते, पण तीच चूक हंगामभर साठत जाते. नेवाशासारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यात टंचाईचा निर्णय आणि पीकविम्याचा हिशेब या आकड्यांवर उभा राहतो. समजा, १९६० साली एका मापाचा आणि १९८० साली दुसऱ्या मापाचा पर्जन्यमापक वापरला, तर पाऊस कमी झाला की उपकरण बदलले, हे कोणालाच सांगता येणार नाही. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, अशी अ‍ॅना मणी यांची ठाम धारणा होती आणि विभागातील प्रत्येकाला ती माहीत होती.

सूर्यकिरणांतून हवेची पारख

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. डझनावारी देशांनी एकाच वेळी पृथ्वी, समुद्र आणि वातावरण यांची मोजणी करण्याचे ठरवले. भारतात सूर्याकडून येणारी ऊर्जा मोजणारी केंद्रे उभारण्याची जबाबदारी अ‍ॅना मणी यांनी उचलली. प्रारंभी परदेशी उपकरणे आणली आणि लवकरच ती पुण्यात बनू लागली.

सूर्याची ऊर्जा मोजताना हवेचीही परीक्षा होते. सूर्यकिरण जमिनीवर पोहोचेपर्यंत वाटेत धूळ आणि धुराचे कण त्यातील काही भाग विखुरतात. आकाश निरभ्र असताना थेट सूर्यकिरणांची तीव्रता वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून मोजली, तर हवा किती गढूळ आहे त्याचा अंक काढता येतो. भारतातील केंद्रांवरील मोजमापांच्या आधारे हवेच्या या गढूळपणाचा अभ्यास अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. हवेच्या प्रदूषणाचा शब्दही जेव्हा आपल्या वृत्तपत्रांत क्वचित येई, तेव्हाचे हे काम आहे. पुढे जागतिक हवामान संघटनेच्या योजनेखाली हवामान विभागाने वातावरणातील पार्श्वभूमीच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारी दहा केंद्रांची साखळी उभी केली. तीत पुणे आणि नागपूर ही महाराष्ट्रातील दोन ठिकाणे होती. पावसाच्या पाण्यातील रसायने आणि हवेतील गढूळपणा यांची नोंद तेथे होऊ लागली.

ओझोनचा फुगा

१९६०च्या दशकात अ‍ॅना मणी ओझोनकडे वळल्या. जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवरचा हा विरळ वायू सूर्याची अतिनील किरणे अडवतो. त्याचे एकूण प्रमाण जमिनीवरून डॉब्सन यांच्या वर्णपटमापीने मोजता येते. पण कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, हे कळण्यासाठी उपकरणच वर पाठवावे लागते. त्यासाठी पुण्याच्या कार्यशाळेत ओझोनसाँड तयार झाले. फुग्याला बांधलेल्या छोट्या पेटीत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण असते. त्यातून हवा गेली की ओझोनच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि बिनतारी संदेशाने त्याचा आकडा जमिनीवर येतो. फुगा अखेर फुटतो, पेटी कोठेतरी पडते, पण आकडे हाती आलेले असतात. स्वतःचे ओझोनसाँड बनवणारे देश जगात मोजकेच होते आणि भारत त्यांत जाऊन बसला. अ‍ॅना मणी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्यही झाल्या.

तेव्हा ओझोनचा थर धोक्यात आहे असे कोणालाही वाटत नव्हते. मग इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जाणे साहजिक होते. त्याचे उत्तर १९८५ मध्ये मिळाले. अंटार्क्टिकावरील हॅली या ब्रिटिश तळावर याच भूभौतिकी वर्षापासून डॉब्सन उपकरणाने ओझोन मोजला जात होता. पंचवीसहून अधिक वर्षांच्या त्या कंटाळवाण्या नोंदी पुढे मांडल्या, तेव्हा दर वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत असल्याचे फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांच्या ध्यानात आले. दोन वर्षांत, १९८७ मध्ये, माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. वातानुकूलन यंत्रे आणि फवाऱ्याच्या डब्यांतील ओझोनभक्षक रसायने हळूहळू हद्दपार झाली. हॅलीच्या तळावर मोजणी मध्येच थांबवली असती तर हे भगदाड आणखी कितीतरी उशिरा लक्षात आले असते.

भारतावरील ओझोनला ध्रुवाप्रमाणे भगदाड पडले नाही. हा दिलासा आपण नुसत्या अंदाजाने देत नाही. पुणे, दिल्ली आणि केरळातून आकाशात सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींचा त्याला आधार आहे. एखादी गोष्ट बदललेली नाही, हे सांगायलासुद्धा ती वर्षानुवर्षे मोजलेली असावी लागते.

दरम्यान १९६३ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून अ‍ॅना मणी यांनी थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारून दिला. १९६९ मध्ये उपमहासंचालक म्हणून त्या दिल्लीला गेल्या. १९७५ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या सल्लागार म्हणून इजिप्तमध्ये काम केले आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरची पंचवीस वर्षे

निवृत्तीनंतर त्या बंगळुरूला रामन संशोधन संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्या. ज्या संस्थेच्या ग्रंथालयात त्यांचा पदवीविना राहिलेला प्रबंध होता, तीच ही संस्था. तेथे त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या आकड्यांना ग्रंथरूप दिले. भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा संदर्भग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पाठोपाठ याच विषयावरचा दुसरा मोठा ग्रंथही आला. सौर ऊर्जेची साधने कोठे आणि किती क्षमतेची बसवावीत, हे ठरवणाऱ्या अभियंत्यांना या ग्रंथांनी पाया मिळवून दिला.

मग त्या वाऱ्याकडे वळल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बंगळुरूत उघडलेल्या केंद्रातून त्यांनी देशभर शेकडो ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याची मोहीम चालवली. पवनचक्की उभारायची तर डोंगरमाथ्यावर वारा वर्षभर कसा वाहतो, याच्या नोंदी आधी हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. देशात या उद्योगाची पायाभरणी ज्या मोजमापांनी झाली, त्यांत अ‍ॅना मणी यांचा वाटा मोठा आहे. बंगळुरूत त्यांनी सौर ऊर्जा आणि वारा मोजणारी उपकरणे बनवणारी छोटी कार्यशाळाही काढली.

त्या अविवाहित राहिल्या. पक्षिनिरीक्षण, डोंगरातील भटकंती आणि संगीत हे त्यांचे छंद होते. १९८७ मध्ये भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना के. आर. रामनाथन पदक दिले. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि भटकंती कायमची थांबली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे, त्र्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला एक आठवडा असताना, त्यांचे निधन झाले.

न दिसणारे विष

त्यांच्या निधनाच्या तीनच महिने आधी, २२ मे २००१ रोजी, स्टॉकहोम येथे एका आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता मिळाली होती. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषके हा त्याचा विषय. येथे सेंद्रिय म्हणजे शेणखताचे नव्हे. कार्बनपासून बनलेली आणि निसर्गात लवकर न विघटणारी रसायने असा त्याचा अर्थ आहे. डीडीटी, अल्ड्रिन यांसारखी कीटकनाशके, विजेच्या रोहित्रांतील पीसीबी तेले आणि कचरा जळताना निर्माण होणारी डायॉक्सिन अशा बारा रसायनांची पहिली यादी होती. ही रसायने उष्ण प्रदेशात वाफेच्या रूपाने हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातात आणि थंड प्रदेशात खाली उतरतात. प्राण्यांच्या चरबीत ती साठतात आणि आईच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचतात. ज्यांच्या प्रदेशात कधी शेतीच झाली नाही, त्या आर्क्टिकच्या रहिवाशांच्या शरीरातही ती सापडली.

महाराष्ट्राला ही रसायने परकी नाहीत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि खेडोपाडी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. हिवतापाचे बळी त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले, हे श्रेय त्या औषधाला द्यावेच लागेल. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथील सरकारी कारखान्यात डीडीटीचे उत्पादन होत असे. शेतीतील वापरावर १९८९ मध्ये बंदी आली, तरी आरोग्य खात्याची फवारणी त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. कपाशी आणि इतर पिकांवर मारले जाणारे एंडोसल्फान २०११ मध्ये कराराच्या यादीत आले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. शेतकरी ज्याला औषध म्हणतो, त्याचा उरलेला अंश शिवाराच्या बाहेर कोठे जातो, हा प्रश्न फवारणी करणाऱ्याच्या मनात येत नाही. कारण तो अंश डोळ्यांना दिसत नाही.

स्टॉकहोम करार २००४ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला जानेवारी २००६ मध्ये संमती दिली. बंदी घातल्यावर ही रसायने खरोखर कमी होतात की नाही, हे पाहण्यासाठी करारात जागतिक देखरेखीची तरतूद आहे. त्यासाठी प्रामुख्याने हवा आणि मानवी दूध अथवा रक्त यांची तपासणी ठरली. हवेसाठीचे एक साधन आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. एकमेकांवर उपड्या ठेवलेल्या दोन धातूच्या वाडग्यांत फोमची चकती टांगायची. तीन महिने वारा तिच्यावरून जाऊ द्यायचा आणि मग प्रयोगशाळेत तिच्यात शोषले गेलेले रसायन मोजायचे. वीज लागत नाही, पंप लागत नाही. भारतात मुंबईसह काही शहरांत संशोधकांनी अशा चकत्या टांगून डीडीटी आणि एंडोसल्फान यांच्या कुळातील रसायने हवेत आढळल्याचे नोंदवले आहे.

परंतु एका मोसमाच्या नोंदीवरून कल कळत नाही. उन्हाळ्यात जमिनीतून वाफ अधिक निघते, पावसात हवा धुतली जाते, वाऱ्याची दिशा बदलते. बंदीचा परिणाम आणि ऋतूंचा चढउतार वेगळा करायचा तर त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजावे लागते. कॅनडाच्या उत्तर टोकावरील अलर्ट येथे १९९२ पासून असे मोजमाप चालू झाले, म्हणूनच जुन्या कीटकनाशकांचे प्रमाण हळूहळू उतरत असल्याचे तेथे आकड्यांनी दाखवता आले. त्यात प्रयोगशाळा बदलली, चकतीचा फोम बदलला, तपासणीची रीत बदलली, तर जुने आकडे नव्यांशी जुळेनासे होतात आणि घट खरी की भासमान, हे ठरवता येत नाही. अ‍ॅना मणी ज्यासाठी आयुष्यभर झगडल्या तो मुद्दा नेमका हाच आहे. त्यांनी स्वतः ही रसायने मोजली नाहीत. पण मोजणाऱ्याला लागणारी शिस्त त्यांनी या देशाच्या हवामानशास्त्राला लावली.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. नवा प्रकल्प सुरू करायला निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणे येतात. पण विसाव्या वर्षी तीच चकती, तोच पर्जन्यमापक, तीच वही चालू ठेवण्यासाठी पैसा मागणाऱ्याकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. हवेतील विषाचा प्रश्न मात्र याच विसाव्या वर्षी सुटतो किंवा कायमचा अनुत्तरित राहतो.

नेवाशात पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजपात्रात ओतले जाते आणि आकडा वहीत उतरतो. उसाच्या आणि कपाशीच्या शेतात तो आकडा दुपारपर्यंत चर्चेचा विषय होतो. तो खरा आहे, यावर कोणी शंका घेत नाही. हा विश्वास पुण्याच्या सिमला ऑफिसमधील कार्यशाळेत अनेक वर्षांच्या कष्टाने तयार झाला आणि त्यामागे डॉक्टरेट नाकारल्या गेलेल्या एका बाईंचा हात होता. लाडमोडच्या टेकडीने ठेवलेल्या इतिहासासाठी कोणाला जागावे लागले नाही. हवेच्या इतिहासासाठी मात्र रोज कोणीतरी जागे राहावे लागते.